मसाई मारात चित्त्याभोवती सहावी गाडी आपली असेल, तर फोटो काढावा का?

पाणकणीस

गेल्या सप्टेंबरात केनियात, मसाई मारा रिझर्व्हमध्ये सहा दिवस होते. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला ड्रायव्हरच्या रेडिओवर 'डुमा' हा शब्द आला. स्वाहिलीत डुमा म्हणजे चित्ता. दहा मिनिटांत आम्ही तिथे पोचलो. मादी होती आणि तिची तीन पिल्लं, मांजराएवढी, पाठीवरचे राखाडी केस अजून न झडलेली. वर्षभर जे मनात धरून आले होते ते समोर होतं. सहाशे मिलिमीटरची लेन्स बीनबॅगवर टेकवली आणि डोळा लावला.

लांबवर थॉमसन गझेल या छोट्या हरणांचा कळप चरत होता. मादी उठली, मान खाली घालून गवतातून निघाली. तिचा चेहरा समोरून मिळावा म्हणून सगळ्या गाड्या वळसा घालून तिच्या पुढ्यात गेल्या. आमचीही गेली. तेव्हा मी मोजल्या, एकोणीस होत्या. इंजिनं घरघरली, गझेलांनी माना वर केल्या आणि कळप पांगला. मादी खाली बसली. तासाभराने पुन्हा उठली, पुन्हा तेच झालं. ऊन तापल्यावर ती पिल्लांना घेऊन एका झुडपाखाली जाऊन पडली. उपाशीच.

त्या सकाळचे चौदाशे फोटो माझ्याकडे आहेत. त्यातला एकही मला कुणाला दाखवावासा वाटत नाही.

एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबायचं, हा तिथला नियम मला जायच्या आधीपासून माहीत होता. तरी मी तोंड उघडलं नाही, आणि हेच मला खातंय. चित्ता दिवसा शिकार करतो, कारण रात्र सिंहांची आणि तरसांची असते. म्हणजे त्याची पोट भरण्याची वेळ नेमकी आपल्या गेम ड्राइव्हची, गाडीतून प्राणी बघत फिरण्याची वेळ. फेमके ब्रोखाइस या संशोधिकेने माराच्या परिसरातल्या चित्त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं स्वतंत्र होण्याइतकी मोठी झाली. वर्दळीच्या भागात ०.२.

माझं म्हणणं एवढंच: पाच गाड्या आधीच उभ्या असतील तर कॅमेरा खाली ठेवून निघावं. फोटोग्राफी टूर नेणाऱ्यांनी हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगावं.

चकवाचांदणं

तुमची कळकळ पोचली, पण पटलं नाही. मी तीनदा मारात गेलोय आणि पुन्हा जाणार आहे.

तुम्ही निघालात की मागे थांबलेली गाडी तुमच्या जागी येते. चित्त्याला काय फरक पडला? फक्त तुमच्या मनाला बरं वाटलं. दुसरं, ही जमीन आज गवताळ राहिली आहे ती पर्यटकांच्या पैशावर. गव्हाला आणि गुरांना जमीन कमी पडतेय तिथे. २०२० मध्ये कोविडने विमानं थांबली तेव्हा आजूबाजूच्या कॉन्झर्व्हन्सींमधल्या, म्हणजे वन्यजीवांसाठी भाड्याने दिलेल्या खासगी जमिनींच्या, मसाई मालकांचं भाडं कापलं गेलं. पर्यटक नको म्हणणं सोपं आहे, पण उद्या तिथे कुंपणं आली तर चित्त्याला शिकारीसाठी मैदानच उरणार नाही.

आणि त्या आकड्यांबद्दल. त्याच अभ्यासात गाड्यांमुळे पिल्लं मेल्याचा थेट पुरावा नाही. वर्दळीच्या जागी पिल्लं कमी जगली एवढं दिसलं. वर्दळीच्या जागी आणखीही काही कारणं असू शकतात. कारण काय, हे इतक्या ठामपणे सांगू नये.

पाणकणीस

पर्यटक नकोत असं मी कुठेच म्हटलेलं नाही. सहावी गाडी नको म्हणतेय. थेट पुरावा नाही हे मान्य, मी ते लिहायला हवं होतं. पण दोनदा मोडलेली शिकार मी डोळ्यांनी पाहिली. ती सिंहांनी मोडली नव्हती.

बोरधरण

मी नागपूरचा. आफ्रिकेला गेलेलो नाही, पण हे वाचताना उमरेड-करांडलाच डोळ्यांपुढे आलं. ३१ डिसेंबर २०२४ ला तिथे एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्ही बाजूंच्या जिप्सींमध्ये अडकली. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालक निलंबित झाले. पण "अजून थोडी पुढे घे ना" हे मागच्या सीटवरूनच येतं. मी स्वतः ताडोबात ते म्हटलेलं आहे. मारातला ड्रायव्हर आणि आपला जिप्सीवाला यांत या बाबतीत काही अंतर नाही.

चकवाचांदणं

बोरधरण, हे बरोबर. पण मग दोष नियम पाळायला न लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे. हजारो रुपये साठवून आयुष्यात एकदाच जाणाऱ्या माणसाला "निघून जा" सांगणं मला निर्दयी वाटतं. माझ्या आईला सत्तराव्या वर्षी मी चित्ता दाखवला. आमची सातवी गाडी होती. ती रडली. त्या दिवसाची मला लाज वाटत नाही.

आथीकाठ

बावीस वर्षं नैरोबीत राहते. मला दोघांचंही थोडं थोडं खटकतंय.

ड्रायव्हरचं आधी सांगते. हंगामात त्याचा पगार थोडा आणि टिप मोठी असते. चित्ता दिसला नाही तर पाहुणा तोंड पाडून बसतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. रस्ता सोडून गाडी घालायला रिझर्व्हमध्ये बंदी आहे, पकडला गेला तर त्रास त्यालाच होतो, तरी तो घालतो. तेव्हा पाणकणीस, तुम्ही गप्प बसलात हे तुमच्या चौदाशे फोटोंपेक्षा महत्त्वाचं आहे. गाडीतल्या माणसाने "नको" म्हटलं की ड्रायव्हरच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. मी हे कितीदा पाहिलंय.

आता चकवाचांदणं. मागची गाडी तुमच्या जागी येते हे खरं. पण ती येण्याआधी तुम्ही लांब थांबलात, इंजिन बंद केलंत, तिच्या पुढ्यात गेला नाहीत, तर मादीला एक बाजू मोकळी मिळते. चित्त्याला शिकारीसाठी तेवढी एक मोकळी दिशा लागते. फोटोग्राफरला नेमकी तीच हवी असते, कारण समोरून पळत येणाऱ्या चित्त्याचा फोटो त्याला विकायचा असतो. म्हणून मी साध्या पर्यटकापेक्षा फोटोग्राफरवर जास्त रागावते. तुमच्या आईने शंभर मीटरवरून, दुर्बिणीतूनही चित्ता पाहिला असता आणि तेवढ्याच रडल्या असत्या.

पैशाचं म्हणाल तर, २०२४ पासून परदेशी माणसाला मारा रिझर्व्हचं तिकीट जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे, एरवी १००. गर्दी हटलेली नाही. शेजारच्या नाबोइशो, ओलारे मोटोरोगी यांसारख्या कॉन्झर्व्हन्सींत फक्त तिथल्या कॅम्पच्या गाड्या फिरतात, काही ठिकाणी सातशे एकरांमागे एक तंबू असा हिशोब असतो. तिथे मी एका मादीला तीन तास एकटीने पाहिलंय. तिने गझेल मारलं, धापा टाकत बराच वेळ तशीच बसून राहिली, मग चिमणीसारखा आवाज काढून पिल्लांना बोलावलं. तो आवाज एकोणीस इंजिनांत ऐकू येत नाही. पिल्लांनाही येत नसणार.

चकवाचांदणं

आणि त्या कॉन्झर्व्हन्सीतली एक रात्र साध्या मराठी मध्यमवर्गीयाला परवडते का? म्हणजे शांत चित्ता श्रीमंतांनी बघायचा, आणि आम्ही गर्दीत उभं राहिलो तर दोषी.

आथीकाठ

नाही परवडत. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मला लागतंही. मे-जूनमध्ये या, मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टांचे कळप बघण्याचा हट्ट सोडा, तर रिझर्व्हमध्येही एकट्याने चित्ता मिळतो. एवढंच सांगू शकते. त्या नदीचं काय झालंय ते जुलै २०२५ च्या कोगातेंडेच्या व्हिडिओत दिसलंच, टांझानियातल्या सेरेंगेटीत लोक गाड्यांतून उतरून काठावर उभे आणि समोरून येणारे प्राणी अडलेले.

चकवाचांदणं

सहावी गाडी आली की निघायचंच, हे मी अजून मान्य करत नाही. पण पुढ्यात गाडी न घालण्याचं मान्य. ऑगस्टात जातोय, चौघे आहोत, चौघांकडेही मोठ्या लेन्स. ड्रायव्हरला इंग्रजीत सांगितलं तर तो हसून मान डोलावतो आणि पुढेच घेतो. स्वाहिलीत काय म्हणायचं?

आथीकाठ

"म्बाली किडोगो" म्हणजे थोडं लांब. "हाकुना हराका" म्हणजे घाई नाही. आणि पहिल्याच सकाळी, गेटमधून आत जाण्याआधी, टिप किती देणार ते सांगून टाका. चित्ता दिसो न दिसो, तेवढीच.