उन्हाळी धान निसवलं (लोंब बाहेर आली) पण अर्धी लोंब फोल, ऊन लागलं की खोडकिडा?

धानवाला_भंडारा
राम राम मंडळी. दोन एकर उन्हाळी धान आहे. यंदा पऱ्हेच (रोपवाटिका) उशिरा टाकले, रोवणी फेब्रुवारीच्या शेवटी उरकली, मग निसवायला एप्रिलचा शेवटचा आठवडा लागला आणि तेव्हा इकडे पारा 43 वर. आता लोंब हातात घेतली तर अर्धे दाणे भरले, अर्धे नुसते फोल, लोंब वाकतच नाही. दुकानदार म्हणतो खोडकिडा आहे, औषध न्या. शेजारच्या बांधीत (धानाच्या शेतात) हीच जात 20 दिवस आधी रोवली होती, ती मस्त भरली. काय करू?

शेतीप्रेमी77
बियाणं बोगस असेल भाऊ, पावती आहे का?

चुलबंद_काठ
बियाणं कसं बोगस, शेजारी तीच जात भरली म्हणतात ना, वाचा तरी नीट.
भाऊ, औषधाचे पैसे वाचवा. या वेळेला खोडकिडा असता तर अख्खी लोंब पांढरी पडली असती आणि ओढल्यावर सुळकन हातात आली असती. एक करा, फोल दाणा नखाने उघडा. आत टाचणीच्या टोकाएवढा ठिपका तसाच असेल तर दाणा धरलाच नाही. अर्धवट भरून चपटा राहिला असेल तर ती नंतरची भानगड, पाणी तुटलं नाहीतर ढेकण्या किडीने रस शोषला.
धानाचं फूल साधारण नऊ ते बाराच्या मधे उघडतं, एक फूल जेमतेम तासभर, तेवढ्यात परागकोष फुटून पराग त्याच फुलात पडले पाहिजेत, मधमाशी-बिधमाशी काही लागत नाही. त्या वेळी फुलापाशी तापमान 35 च्या वर तासभर जरी राहिलं तरी पराग फुगत नाहीत, कोष नीट फुटत नाही, खेळ खल्लास. एका लोंबीतली फुलं पाच-सात दिवस थोडी थोडी उघडतात म्हणून अर्धी भरली, ज्या सकाळी जरा आभाळ होतं तेवढी वाचली असणार. तेव्हा बांधीत पाणी होतं का?

धानवाला_भंडारा
तीच तर बोंब, कालव्याची पाळी आठ दिवस उशिरा आली, बांधीला भेगा पडल्या होत्या. आत्ताच वीसेक दाणे उघडले, सगळ्यात ठिपकाच.

अलिबागचा_भातवाला
मग तेच. कोरड्या हवेत पाणी असलं की रोप घाम गाळल्यासारखं पाणी सोडतं आणि लोंब हवेपेक्षा बरीच थंड राहते. ऑस्ट्रेलियात रिव्हरिनाला पारा 40 च्या वर जातो तरी भात पिकतंच, हवा कोरडी आणि शेतात पाणी. आमच्याकडे पारा तुमच्याएवढा चढत नाही पण हवा दमट, लोंब थंडच होत नाही, त्यामुळे 36 ला पण फटका बसतो.

धानवाला_भंडारा
उन्हात टिकणारी एखादी जात?

चुलबंद_काठ
नगिना 22 म्हणून उत्तर प्रदेशची जुनी जात उन्हाला दणकट आहे, नवीन जाती तयार करताना क्रॉसिंगला (संकराला) वापरतात. फिलिपाइन्सच्या इरीत (आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत) रानभाताचा गुण घेऊन सकाळी लवकर फुलणारं भात पण केलंय, म्हणजे ऊन चढायच्या आत काम उरकतं. पण यातलं काही तुमच्या दुकानात मिळणार नाही. पऱ्हे डिसेंबरच्या मध्यात टाका, फार आधी नको, थंडीत वाढत नाहीत, आणि जानेवारीत रोवून मोकळे व्हा. निसवताना दोन बोटं पाणी ठेवाच, पाळीचा भरवसा नसेल तर बोरवेलवाल्याशी आधीच बोलून ठेवा. फुलोऱ्यात फवारायचंच असेल तर दुपारी तीननंतर, सकाळी पंप पाठीवर घ्यायचा नाही.

धानवाला_भंडारा
औषध परत करून आलो, दुकानदाराने तोंड वाकडं केलं.