छपरावर गवत लावलं म्हणजे संग्रहालय पर्यावरणस्नेही झालं का?

दगडी भिंत
काल इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे फोटो आले. अडीच एकरांचं जिवंत छप्पर, भिंतींत जुन्या जीन्सच्या कापडाचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), पर्यावरणस्नेही इमारतींना मिळणारं 'लीड'चं सर्वोच्च, प्लॅटिनम मानांकन. इथवर ठीक होतं. पण शेवटी लिहिलं होतं, "बाकीच्या संग्रहालयांनीही जुन्या इमारती पाडून असंच बांधावं." त्या वाक्याने रात्रभर डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा.

धडधाकट इमारत पाडायची, नवं काँक्रीट ओतायचं आणि त्यावर गवत लावून मानांकन घ्यायचं? जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. पॅरिसचं ऑर्से संग्रहालय १९८६ मध्ये जुन्या रेल्वे स्थानकात उघडलं, लंडनचं टेट मॉडर्न २००० मध्ये बंद पडलेल्या वीज केंद्रात. कुणाचं काही अडलं नाही.

आणि खरी वीज खातो तो एसी. वर्षभर, चोवीस तास, २०-२१ अंश आणि ५० टक्के आर्द्रता. रात्री दालनात चिटपाखरू नसतं तरी तेच. त्याबद्दल कालच्या पोस्टमध्ये चकार शब्द नाही.

हिरवी पालवी
ती पोस्ट माझी. अहो, चिडण्याआधी निदान माहिती तरी घ्या. अकॅडमीच्या जुन्या इमारतींना १९८९ च्या भूकंपात तडाखा बसला होता, म्हणून त्या गेल्या. ते छप्परही शोभेचं नाही. पावसाचं पाणी तिथे मुरतं, छपराच्या चढउतारांमुळे गार हवा मधल्या चौकात उतरते, वरच्या खिडक्या आपोआप उघडून गरम हवा बाहेर जाते. वास्तुविशारद रेन्झो पियानोंनी आकार आणि वायुवीजन एकत्र सोडवलंय.

दगडी भिंत
भूकंपाचं माहीत नव्हतं, ते मागे घेतो. पण तुम्ही भूकंपाचं कुठे लिहिलं होतं? "पाडा" एवढंच लिहिलं होतं.

ओलावा
मी संग्रहातल्या वस्तूंच्या संवर्धनाचं काम करते. एसी सैल करा म्हणणं सोपं आहे, परिणाम आम्ही निस्तरतो. मी होते तिथे एकदा वीज वाचवायची म्हणून रात्री यंत्रणा बंद ठेवायला सुरुवात झाली. दिवसभराच्या गर्दीच्या श्वासांचा ओलावा आत कोंडलेला, सकाळी यंत्रणा सुरू झाली की हवा झपाट्याने कोरडी. काही आठवड्यांत लाकडी फळीवरच्या एका चित्राचा रंग पापुद्रे धरून उठला. ते पापुद्रे परत बसवायला मला जे महिने लागले, त्यांचा हिशेब कुठल्याच मानांकनात नाही. माणसांच्या श्वासाने काय होतं ते फ्रान्समधल्या लास्कोच्या आदिमानवी चित्रांच्या गुहेला विचारा. १९४८ मध्ये लोकांसाठी खुली केली, १९६३ मध्ये बंद करावी लागली.

दगडी भिंत
ताई, तुमचा अनुभव नाकारत नाही. पण तुमच्या चित्राला मारलं ते रोजच्या हेलकाव्यांनी. मी बंद करा म्हणत नाही, तापमान-आर्द्रतेचा पट्टा रुंद करा म्हणतोय. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटानेच २०१४ मध्ये बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता मान्य केली. ऋतूंबरोबर सावकाश सरकू द्या. नाजूक वस्तूंना बंद काचपेटी आणि आत ओलावा सांभाळणारं सिलिका जेल. एका फळीसाठी अख्खं दालन कशाला गार करायचं?

जाड भिंग
तुमचं आर्द्रतेचं चालू द्या, पण प्रकाशाचं कोणी बोलणार आहे का? वडिलांना घेऊन एका नव्याने नूतनीकरण केलेल्या दालनात गेलो होतो. ऊर्जा वाचवायची म्हणून हालचाल ओळखणारे दिवे. माणूस वाचायला स्थिर उभा राहिला की दिवा विझतो! ऐंशी वर्षांचा माणूस हात हलवत उभा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, फलक वाचता येईना, शेवटी म्हणाले, चल घरी. कुणाची वीज वाचली?

ओलावा
अंधार हौस म्हणून नसतो. कापड, जलरंग, कागद यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच्या मंद उजेडातच ठेवावं लागतं. प्रकाशाची इजा साठत जाते आणि उडालेला रंग कुठल्याही उपायाने परत येत नाही.

जाड भिंग
मग फलकालाही ५० लक्स का? फलक काय तीनशे वर्षांचा आहे? अक्षरं मोठी करा, फलकाला वेगळा छोटा एलईडी द्या. इतकं साधं आहे.

हिरवी पालवी
दिवसाचा उजेड वापरा ना. वास्तुविशारद लुई कानच्या अमेरिकेतल्या किम्बेल कला संग्रहालयात (१९७२) छताच्या फटीतून येणारं ऊन अ‍ॅल्युमिनियमच्या परावर्तकांवरून कमानीवर पसरतं. चित्रांवर थेट ऊन नाही.

ओलावा
तैलचित्रांना चालेल. कापडाला नाही. प्रत्येक वेळी एकच इमारत दाखवून सगळ्यांना लागू करता, याचाच राग येतो.

जाड भिंग
आणि मला राग येतो तो तुमच्या उत्तरात पाहणारा माणूस कुठेच नसतो याचा. वस्तू जपता कुणासाठी?

ओलावा
जे अजून जन्मले नाहीत त्यांच्यासाठीही. तुमच्या वडिलांनी पाहिलं तेच त्यांच्या पणतीला दिसायला हवं.
पण फलकाचं बरोबर आहे. त्याला वेगळा दिवा देण्यात आमचं काही जात नाही, फक्त त्याचा झोत शेजारच्या कापडावर पडता कामा नये. आणि ते विझणारे दिवे कापडासाठी योग्यच आहेत, पण विझण्याआधीचा वेळ वाढवायला हवा होता.

दगडी भिंत
मूळ मुद्द्यावर या. साठवणीच्या खोल्यांचं काय? बहुतेक संग्रह तर तिथेच पडून असतो, प्रेक्षक नाही, उजेड नाही. डेन्मार्कमध्ये अशी साठवणगृहं आहेत जिथे भिंती आणि छताला भरपूर इन्सुलेशन, जमिनीला मुद्दाम नाही. जमिनीमुळे तापमान ऋतूंबरोबर हळूहळू बदलतं आणि ओलावा काढणारं यंत्र तेवढं लागेल तेव्हा चालतं.

ओलावा
साठवणीपुरतं मान्य. इमारत हवाबंद असेल आणि रोजची नोंद ठेवणारा माणूस पगारावर असेल तर. दालनांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

हिरवी पालवी
"पाडून" हा शब्द काढतो. छप्पर राहील.