आरोग्य विम्याच्या पानावर गोल फॉन्ट: आपुलकी हवी, पोरकटपणा नको

अक्षरजुळणी:
आरोग्य विम्याचा दावा भरण्याचं पान आहे, मराठी आणि इंग्रजीत. माणूस आजारपणाच्या धावपळीत हे पान उघडतो, तेव्हा ते कोरडं वाटू नये म्हणून सगळीकडे बालू २ हा गोल टोकांचा फॉन्ट लावला आहे. हेडिंग ८०० वजनात (म्हणजे जाडीत), मजकूर ४०० मध्ये, १५ पिक्सेल. पाहणाऱ्यांना पान प्रेमळ वाटतं, पण ‘इथे पैशाचं काम नीट होईल का?’ असं विचारलं की कचरतात. टिरो देवनागरी मराठी हा पारंपरिक वळणाचा फॉन्ट लावला तर भारदस्तपणा येतो, पण हेडिंगची अक्षरं फुगून एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात. जिव्हाळा आणि विश्वास दोन्ही हवे असतील तर नेमकं काय बदलावं?

काना_मात्रा:
गोलपणा आणि जाडी या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. बालू ८०० वजनात ‘ब’, ‘भ’, ‘ष’ यांच्या पोटातली जागा जवळजवळ बुजते आणि अक्षर खेळण्यासारखं दिसू लागतं. तोच फॉन्ट ५०० किंवा ६०० वर आणला की टोकांचा मऊपणा राहतो, फुगीरपणा जातो. तो फक्त चार-पाच शब्दांच्या हेडिंगला ठेवा. बाकी मजकूर मुक्ता या साध्या फॉन्टमध्ये, ४०० वजन, निदान १७ पिक्सेल. रक्कम, तारीख, पॉलिसी क्रमांक मुक्ता ५०० मध्ये. आकड्यांना गोंडस रूप दिलं की शंकेला तिथेच जागा मिळते.

शेवटी प्रश्न प्रसंगाचा असतो. कॉमिक सान्स १९९४ मध्ये व्हिन्सेंट कॉनेर यांनी कार्टूनच्या फुग्यांतल्या बोलण्यासाठी काढला, आणि त्या कामाला तो चपखल आहे. २०१२ मध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या कणाच्या घोषणेच्या स्लाइड त्यात आल्या, तेव्हा शोधाबरोबर अक्षरांचीही बरीच चर्चा झाली.

ओळअंतर:
वरच्या सल्ल्याशी सहमत, पण ‘सेरिफ (टोकांना छोट्या रेघा असलेली अक्षरं) म्हणजे विश्वास’ हे गृहीत धरून टिरोकडे जाऊ नका. माहितीपटकार एरॉल मॉरिस यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकांपुढे एकच मजकूर सहा टाइपफेसमध्ये ठेवून तो पटतो का, हे विचारलं होतं. सुमारे ४५,००० उत्तरं आली. बास्करव्हिल हा सेरिफ फॉन्ट पुढे होता, पण फरक अगदी बारीक. त्यावर अख्खं पान उभं करता येत नाही.

याहून उपयोगी निष्कर्ष साँग आणि श्वार्झ या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ च्या प्रयोगाचा आहे. व्यायामाच्या त्याच सूचना एरियल या साध्या फॉन्टमध्ये वाचणाऱ्यांना वाटलं, सरासरी ८.२ मिनिटं लागतील. ब्रशच्या वळणाच्या फॉन्टमध्ये वाचणाऱ्यांचा अंदाज १५.१ मिनिटं. वाचताना पडणारा ताण लोक कामाच्या खात्यावर टाकतात. तुमच्या पानावर दाव्याच्या पायऱ्या, कागदपत्रांची यादी आणि बटणं आहेत. तिथला फॉन्ट जितका सहज वाचता येईल तितकी प्रक्रिया सोपी वाटेल. भावना हेडिंगमध्ये दाखवा, पायऱ्यांमध्ये नको.

शिरोरेषा:
हेडिंग फुगण्याचं कारण सांगतो. टिरो देवनागरी मराठीत साधं आणि तिरपं एवढीच दोन रूपं आहेत, बोल्ड नाहीच. ब्राउझर हेडिंगला आपोआप बोल्ड मागतो, ते मिळालं नाही की साध्या अक्षरालाच चरबी चढवतो. ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ट’ मधल्या बारीक फटी त्यात बुजतात. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) फॉन्ट-सिंथेसिस ‘नन’ (none) करा, म्हणजे ब्राउझर बनावट बोल्ड करणार नाही, हेडिंगचं वजन ४०० करा आणि जोर आकारातून आणा: २८ ते ३२ पिक्सेल.

इंग्रजीची एक सवय इथे लागू पडत नाही. रुबाबासाठी रोमन कॅपिटल अक्षरं सुटी-सुटी लावतात. देवनागरीत अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि पान बिघडल्यासारखं दिसतं. ते अंतर शून्यच ठेवा, मोकळेपणा भोवतालच्या पांढऱ्या जागेतून आणा. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.६ ते १.७, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात आणि पान दाटीचं, घाईचं वाटतं.

आणि ‘ल’, ‘श’ तपासाच. हिंदी वळणाचे आले तर मराठी वाचकाला पान दुसऱ्यासाठी लिहून इकडे वळवल्यासारखं वाटतं. विश्वास तिथेही गळतो. एचटीएमएलमध्ये भाषेचा टॅग ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) लावा, फॉन्टमध्ये सोय असेल तर रूप बदलतं. ‘लाल’, ‘शाळा’ टाइप करून डोळ्यांनी पाहा.

अक्षरजुळणी:
फॉन्ट-सिंथेसिसने हेडिंग सुधारलं. तरी बालू ६०० आणि मुक्ता ही जोडी आधी तपासणार आहे. चाचणी कशी घ्यावी?

ओळअंतर:
‘कोणता फॉन्ट आवडला?’ हे विचारू नका, लोक ओळखीचा निवडतात. एका माणसाला एकच रूप दाखवा, मजकूर आणि रंग तेच. दोन्ही फॉन्ट १६ पिक्सेलवर ठेवले तरी एक मोठा दिसू शकतो, म्हणून शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंतची उंची मोजून जुळवा, नाहीतर आकाराचा परिणाम फॉन्टच्या नावावर जमा होतो. मग दोनच प्रश्न: दावा भरायला किती मिनिटं लागतील, आणि बँक खात्याचा क्रमांक इथे द्याल का. स्वस्त फोनवर, पूर्ण उजेडात बघायला द्या. वेबफॉन्ट (इंटरनेटवरून उतरणारा फॉन्ट) उशिरा उतरला तर आधी फोनचा स्वतःचा फॉन्ट दिसतो आणि ओळी उडी मारतात, ते चाचणीपूर्वी बंद करा.