मागखान्यात पाणी शिरलं, ८ माग बंद. मोटारी चालू करू का? (मदत हवी आहे)

टॉवेलवाला
शनिवारी रात्री पाणी आलं, काल ओसरलं. चिखल काढला, फॅन लावलेत. मोटारी वरून कोरड्या दिसतायत. वायरमन म्हणतो चालव, शेजारचे म्हणतात थांब. दिवाळीची ऑर्डर आहे, पार्टी दिवसातून चार वेळा फोन करतेय. विमा आहे. चालू करू का नको, एवढंच सांगा.

जुना_वायरमन
किती पाणी होतं? मोटार बुडाली की नुसती भिजली? नाल्याचं की पावसाचं? पॅनेल किती उंचीवर? आणि फॅन कुठल्या लाइनवर लावलेत? त्याच शेडच्या असतील तर आधी मेन पाडा, मग उत्तर लिहा.

टॉवेलवाला
गुडघ्याच्या वर. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या मागची बाजू, नाल्याचंच. मोटारी बुडाल्या. पॅनेलचा खालचा भाग पण. मेन पाडला.

शेंगाचटणी
एवढं काय घाबरायचं? २०२० च्या ऑक्टोबरात आमच्या गिरणीत कमरेएवढं पाणी होतं. मोटार दोन दिवस उन्हात टाकली, आजपण दळतेय बघा की.

जुना_वायरमन
तुमची एक चालली म्हणून यांच्या आठ चालतील होय? वायंडिंगमध्ये (आतल्या तारेच्या गुंडाळीत) नाल्याचा गाळ बसलाय, तो ओल धरून ठेवतो. मोटारी उतरवा, उघडा, स्वच्छ पाण्याने धुवा (हो, परत पाण्यानेच), रिवायंडिंगवाल्याच्या भट्टीत वाळवा. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र), वायंडिंग ते बॉडी. रीडिंग १ मेगाओमच्या खाली आलं तर विषय संपला. मी स्वतः २ च्या खाली लाइन देत नाही. बेअरिंग नवीन. बुडालेले एमसीबी, कॉन्टॅक्टर धुवून परत बसवू नका, फेकून द्या.

हिशेबनीस
काही फेकू नका! विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला का?

जुना_वायरमन
सर्व्हेअर येईपर्यंत गंज चढेल, त्याचे पैसे तुम्ही देणार का?

हिशेबनीस
मी कुठं म्हटलं हात लावू नका? नुकसान वाढू न देणं हेही विमेदाराचंच काम आहे. पण आधी कंपनीला मेल, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि प्रत्येक मोटारीच्या नंबर-प्लेटचे फोटो. मोटारी उतरवतोय हे मेलमध्येच कळवायचं. काढलेला पार्ट गोणीत भरून ठेवायचा. सुताची खरेदी बिलं शोधा.

होटगी_रोड
आमच्या हॉलच्या भिंतीला ओल आलीये. प्लास्टर फोडावं का थेट पुट्टी लावावी?

पूर्वभागकर
मोटारी सोडा, नाला कुणी बुजवला ते विचारा. उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळायचं आणि पावसाळ्यात घरातलं पाणी उपसायचं. सीना नदीवरच्या लांबोटीच्या पुलावरून पाणी गेलं तेव्हा पुणे हायवेच बंद होता, माझा माल तिकडंच अडकला होता.

चादरवाली_अक्का
मोटारीचं काय, ती पैसे टाकले की येते. बीमचं (सूत गुंडाळलेल्या रुळाचं) कुणी विचारलंच नाही. मागावर ताणा (उभं सूत) होता का?

टॉवेलवाला
हो, आठही मागांवर. पायलचा (टॉवेलच्या फुगीर धाग्यांचा) बीम वर आहे, तो वाचला. ग्राउंडचा (पायाच्या विणीचा) खालून भिजला. राहू दे म्हटलं, वाळेल.

चादरवाली_अक्का
अरे लेका, खळ लावलेलं सूत आहे ना ते? खळीवर दोन दिवसांत बुरशी धरते. जवळ जाऊन वास घे आधी. आंबट आला तर वरचे थर सोडून बघ, आत कोरडं असेल तेवढं वाचेल. आणि रंगीत सुताचे कोन पांढऱ्याजवळ ठेवू नको. आमचा मरून रंग एकदा सगळ्या पांढऱ्यावर उतरला होता, तो लॉट पुसण्याचे कपडे म्हणून विकला.

टॉवेलवाला
अक्का, वास येतोय.

हिशेबनीस
बीमचेही फोटो काढा. पॉलिसी कोणती आहे? पूर घेतलेला आहे ना तिच्यात?

टॉवेलवाला
कॉपी बँकेकडे आहे, सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाच्या वेळी त्यांनीच काढली. फोनवर आलेली पीडीएफ बघितली, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा लिहिलंय. पत्ता जुन्या शेडचा आहे. फेब्रुवारीत इकडं आलो. त्यानं काय होतं?

हिशेबनीस
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो. पूर त्या पॉलिसीत असतोच, पण ती लिहिलेल्या जागेतल्या मालाची असते. पत्ता बदलला नाही तर कंपनी तिथंच बोट ठेवणार. बँकेला जागा बदलल्याचं पत्र दिलं होतं का? दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर कुठला पत्ता टाकता?

शेंगाचटणी
पाणी जुन्याच शेडमध्ये आलं म्हणून सांगा, कोण बघतंय.

हिशेबनीस
सर्व्हेअर बघतो. खोटं सापडलं तर मिळणारंही जाईल. टॉवेलवाले, खरं तेच लिहा आणि बँकेला नवीन पत्ता माहीत होता याचा कागद शोधा. तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्जही द्या, तो विम्यापेक्षा वेगळा.

होटगी_रोड
पुट्टीचं कुणी सांगेल का?

जुना_वायरमन
भिंत वाळू द्या. महिनाभर काही लावू नका.

टॉवेलवाला
बँकेत गेलो होतो. मार्चच्या स्टॉक स्टेटमेंटवर नवीन पत्ता आहे, त्यांचा शिक्का पण आहे. झेरॉक्स मेलला जोडली, सर्व्हेअर परवा येतोय. मोटारी भट्टीतून आल्या: पाच पास, दोन रिवायंडिंगला, एकीचं रीडिंग १.२. वायरमन म्हणतोय चालव.

जुना_वायरमन
परत भट्टीत टाका ती. आणि वायरमन बदला.