मदत हवी आहे: प्रायमर संपत आलेत, मिळेल ते चालवून घेऊ का?

मंडळी,

सहा वर्षं घरीच काडतुसं भरतोय. .३८ स्पेशल रिव्हॉल्वर, कागदी लक्ष्यावर मारायला, अधूनमधून .३०८ रायफल. पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) डबाभर आहेत, रिव्हॉल्वरच्या शिशाच्या गोळ्या स्वतःच ओततो, त्यामुळे त्यांचीही ददात नाही. अडलंय ते प्रायमरवर, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसणाऱ्या, ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या वाटीवर. २०२० साली असंच झालं तेव्हा "येतील महिन्याभरात" म्हणत बसलो आणि जवळजवळ वर्ष कोरडं गेलं. म्हणून या वेळी आधीच विचारतोय.

काल मोजदाद केली. स्मॉल पिस्तूल प्रायमर ७००, लार्ज रायफल २६०. दोन्हींची दारू (काडतुसात भरायची, प्यायची नव्हे) एकेक पौंड, म्हणजे वजनाच्या बारीक मापात ७००० ग्रेन. वॉडकटरला (रिव्हॉल्वरची सपाट तोंडाची, लक्ष्यावर मारायची गोळी) मी पावणेतीन ग्रेन घालतो, तेव्हा रिव्हॉल्वरच्या पौंडात अडीच हजार काडतुसं निघतात. रायफलला ४२ ग्रेन लागतात, तिथे १६६ वर डबा रिकामा. एकीकडे दारू आहे तर प्रायमर नाहीत, दुसरीकडे प्रायमर आहेत तर दारू नाही.

आता प्रश्न. बाजारात सध्या स्मॉल पिस्तूल मॅग्नम आणि स्मॉल रायफल प्रायमर दिसतात. ते रिव्हॉल्वरला चालतील का? रायफलची नेहमीची दारू मिळत नाही, पण ज्वलनगतीच्या तक्त्यात (कुठली दारू किती वेगाने जळते त्या क्रमाच्या यादीत) तिच्या लगेच खालची मिळतेय; ४२ ग्रेनच ठेवले तर? आणि छंद सोडलेले एक गृहस्थ बरणीभर दारू फुकट देतायत. बरणीवर चिठ्ठी नाही, पण "पिस्तुलाचीच आहे" असं ते शपथेवर सांगतात.

रिव्हॉल्वरच्या ठोका देणाऱ्या स्प्रिंगा मी हलक्या करून घेतल्यात, हेही सांगून ठेवतो.

जुनी पुंगळी:
बरणीपासून सुरुवात करतो. नको. गृहस्थ कितीही सज्जन असोत, दाणे बघून दारू ओळखणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मूळ डबा आणि त्यावरचा लॉट नंबर नसेल तर तो कचरा समजा.

तक्त्याचंही तेच. तो फक्त क्रम सांगतो. दोन ओळींमध्ये अंतर किती, हे त्यात नसतं, आणि दाब पुंगळीगणिक, गोळीगणिक बदलतो. मिळणारी दारू जरूर घ्या, पण मॅन्युअलमध्ये तिचा स्वतःचा भार (एका काडतुसात किती दारू घालायची तो आकडा) शोधा आणि सुरुवातीच्या आकड्यापासून वर चढा. .३०८ ला दहा-बारा दारूंचे भार सहज छापलेले असतात. आपण एका पाककृतीला चिकटून बसतो, हीच खरी टंचाई. काही वेळा तर एकच दारू दोन नावांनी विकली जाते: एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच, एच-११० आणि विंचेस्टर २९६ ही एकच. एक नाव संपलं तर दुसरं विचारा.

तिसरा बार:
प्रायमरबद्दल. स्मॉल पिस्तूल आणि स्मॉल रायफलचा व्यास एकच, ०.१७५ इंच, म्हणून बसतात. पण रायफलच्या प्रायमरची वाटी जाड असते. हलक्या स्प्रिंगांवर फुसके बार निघणारच. मॅग्नमची ज्योत जास्त जोरकस, म्हणून भार खाली आणून पुन्हा पायरीपायरीने चढवा. तुमच्या वॉडकटरला ते बहुधा जमून जाईल. उलटा प्रयोग मात्र करू नका: पिस्तुलाचा पातळ प्रायमर रायफलच्या दाबाखाली फुटतो. मोठ्या मापात आणखी एक भानगड आहे. लार्ज रायफल प्रायमर पिस्तुलाच्यापेक्षा उंच असतो, पिस्तुलाच्या पुंगळीत तो बाहेर डोकावतो.

जाता जाता, प्रायमर मूळ खोक्यातच ठेवा. जागा वाचवायला बरणीत ओतलेले मी पाहिलेत. एक उडाला तर सगळे उडतात.

धागाकर्ता:
बरणी नाकारली. गृहस्थ जरा फुगले, असो.

स्मॉल रायफलचे शंभर आणले, भार सुरुवातीच्या आकड्यावर आणला आणि पन्नास भरले. पहिल्या ठोक्याला ११ उडाले नाहीत. प्रत्येक वेळी नळी लक्ष्याकडे धरून, सिलिंडर न फिरवता ३० सेकंद थांबायचं. अकरा वेळा थांबल्यावर माणूस स्प्रिंगांचा विचार करतो. दुसऱ्या ठोक्याला आठ गेले. मूळ स्प्रिंगा शोधून परत बसवल्या, उरलेले पन्नासच्या पन्नास गेले. ट्रिगर आता गाढव ओढल्यासारखा लागतो.

जुनी पुंगळी:
पूर्वी भरलेली आणि न आवडलेली काडतुसं पडून असतील ना? प्रत्येकाची असतात. गोळी उपसा, दारू काढा, प्रायमर पुंगळीतच राहू द्या. जिवंत प्रायमर ठोकून काढायचा नाही. डायमधली (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यातली) प्रायमर काढणारी पिन उतरवून ठेवलीत की तीच पुंगळी पुन्हा भरता येते.

काळजीवाहू:
मी २०२२ पासून आठवड्याचे शंभर बार पंचवीसवर आणलेत. युक्रेनच्या युद्धामुळे नायट्रोसेल्युलोज (दारूचा कच्चा माल) तोफगोळ्यांकडे वळलंय, दारू मुबलक होईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. रोज दहा मिनिटं स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून कोरडा ट्रिगर ओढतो, रविवारी १० मीटर एअर रायफल. माझी आधीची बरीचशी काडतुसं निव्वळ आवाज करण्यात जात होती, हे कबूल करायला सहा महिने लागले. आता पंचवीसमधला प्रत्येक बार वहीत लिहितो.

धागाकर्ता:
माळ्यावरच्या डब्यात अशी नावडती १४० निघाली, सगळी .३८. लेबलवर माझंच अक्षर आहे. म्हणजे एकूण ८४० प्रायमर. आठवड्याला २५ धरले तर तेहतीस आठवडे. गोळ्या उपसायचा हातोडा मात्र कोणाला तरी दिलाय, कोणाला ते आठवत नाही.