मदत हवी आहे : आईच्या सोरायसिसवर प्रकाशोपचार जवळपास कुठे मिळेल?

नमस्कार. आम्ही यावल तालुक्यात राहतो. माझ्या आईला नऊ वर्षांपासून सोरायसिस असून कोपर, गुडघे व डोक्यावर जाड चट्टे आहेत. थंडीत ते चिरतात आणि सकाळी चादर झटकली की पांढरे पापुद्रे गळतात. मध्यंतरी एकाने दिलेल्या पुड्यांनी त्वचा महिनाभरात स्वच्छ झाली, पण त्या बंद करताच आजार पूर्वीपेक्षा जास्त उसळला. त्यांत स्टिरॉइड असावे, असे त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. सध्या हा आजार आटोक्यात ठेवणारी, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे.

आता डॉक्टरांनी नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशोपचार, म्हणजे त्वचेवर ठरावीक अतिनील किरण सोडण्याचा उपचार, सुचवला आहे. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा जावे लागत असल्याने जळगाव, भुसावळ किंवा चोपड्यात ही सोय कुठे आहे आणि एका वेळेचा खर्च किती येतो, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. सकाळी तिच्या बोटांचे सांधेही आखडतात, म्हणून संधिवाततज्ज्ञांची माहितीही हवी आहे.

हा आजार संसर्गजन्य नाही, तरीही यंदा उडदाचे पापड लाटायला गल्लीतल्या बायकांनी तिला बोलावले नाही, आणि ती पोळपाट-लाटणे पुसून परत फळीवर ठेवताना मला पाहवले नाही. असाच आजार असलेल्या एखाद्या ताई किंवा मावशी तिच्याशी फोनवर बोलतील का?