मॅमोग्राफी नॉर्मल आलीये, तरी ब्रेस्ट एमआरआय करायचा का?

प्राजक्ता_सांगली
नमस्कार, माझं वय ३७, एक मुलगी आहे. आईला ४३व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झालेला, ऑपरेशन केमो सगळं होऊन आता ती छान आहे, पण सख्खी मावशी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. मागच्या महिन्यात मी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घेतली, रिपोर्टवर बायरॅड्स २ आहे म्हणजे काळजीचं काही नाही, पण खाली 'डेन्सिटी डी' असं लिहिलंय. डॉक्टर मॅडम म्हणतात घरची हिस्टरी बघता एमआरआय करूया. सासूबाईंचं म्हणणं, चांगलं आलंय ना, मग कशाला उकरत बसायचं. नवरा म्हणतो पैशाचं बघू आपण, पण मॅमोग्राफीत जे दिसलं नाही ते एमआरआयमधे कसं काय दिसणार हे त्यालाही कळत नाहीये आणि मलाही. आठ दिवस झाले धड झोप नाही. कोणी केलाय का?

फिल्मवाला
ताई, मी रेडिओलॉजीत काम करतो. मॅमोग्राफी म्हणजे एक्सरेच, त्यात चरबी काळी दिसते, ग्रंथींचा भाग पांढरा, आणि गाठ असली तर तीही पांढरीच. 'डी' म्हणजे जवळपास सगळंच पांढरं, दाट धुक्यात पांढरी गाय शोधल्यासारखं. एमआरआयमधे हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध (त्यालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात) देतात आणि तेच फोटो थोड्या थोड्या वेळाने परत परत काढतात. कॅन्सरच्या गाठीत नवीन, कच्च्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, त्यातून औषध पटकन शिरतं आणि बऱ्याचदा पटकन निघूनही जातं, ती चाल आम्ही बघतो. म्हणून स्वस्त पडतो म्हणून बिनाकॉन्ट्रास्टचा करून येऊ नका, कॅन्सर शोधायला त्याचा भरवसा नाही. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या.

नेदरलँड्समधे घरची हिस्टरी असलेल्या बायकांचा मोठा अभ्यास २००४ साली आला होता, पसरू शकणारे कॅन्सर मॅमोग्राफीने ३३ टक्के पकडले आणि एमआरआयने जवळजवळ ८० टक्के. अमेरिकन कॅन्सर सोसायटी २००७ पासून सांगतेय की आयुष्यभराचा धोका २० टक्क्यांच्या वर असेल तर दरवर्षी मॅमोग्राफी आणि सोबत एमआरआय. 'सोबत' हा शब्द महत्त्वाचा, कारण चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीतच दिसतात, एमआरआयमधे नाही.

रेवती७९
मी केलाय गं, दोनदा. पालथं झोपायचं असतं, टेबलाला दोन खळगे असतात त्यात छाती सैल सोडायची, मॅमोग्राफीसारखं दाबत नाहीत. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना सगळं बाहेर काढून ठेवायचं. अर्धा तास हलायचं नाही, मशीन धाडधाड वाजतं, कानाला लावायला देतात, आणि मधे औषध सोडलं की हातातून गार काहीतरी वर चढत गेल्यासारखं वाटतं. मी डोळे मिटून लेकीच्या शाळेच्या रस्त्यावरची दुकानं मोजत होते.

पण एक सांगते, पहिल्या वेळी मला कोणी पाळीची तारीखच विचारली नाही, पाळीच्या दोन दिवस आधीच केला, आणि उजव्या बाजूला ६ मिलिमीटरचं काहीतरी चमकलं. परत सोनोग्राफी, मग बायोप्सी, रिपोर्ट यायला बारा दिवस, ते बारा दिवस मी जेवले की नाही ते पण आठवत नाही. निघाला फायब्रोअ‍ॅडिनोमा, साधी गाठ. तर पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १४ दिवसांतच अपॉइंटमेंट घे, त्यात उगाच चमकणं कमी असतं. आणि काही दिसलं तरी लगेच कॅन्सर धरून बसू नकोस, एमआरआय नको तेही दाखवतो.

कोयनाकाठ
प्राजक्ता, एमआरआय कर पण त्याआधी मला वेगळंच विचारायचंय, आईची बीआरसीए टेस्ट, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या ब्रेस्ट-ओव्हरीच्या कॅन्सरच्या जनुकांची तपासणी, झालीये का? एका घरात ब्रेस्ट आणि ओव्हरी दोन्ही म्हटल्यावर ती बघायलाच हवी. नुसतं रक्त द्यायचं असतं. आणि पहिली टेस्ट तुझी नाही, आईची, कारण आजार तिला झालेला. तिच्यात दोष सापडला तर तुझ्यात नेमका तोच बघता येतो, येण्याची शक्यता निम्मी. तुझी एकटीची निगेटिव्ह आली तर त्यावरून नीट काही ठरत नाही. माझ्या मोठ्या बहिणीचं आणि माझं असंच झालं, तिच्यात निघाला, माझ्यात नाही, आणि माझा दरवर्षीचा एमआरआय थांबला. जेनेटिक काउन्सेलरकडे दोघी मिळून जा.

प्राजक्ता_सांगली
खूप खूप आभार सगळ्यांचे, पहिल्यांदा कोणीतरी नीट समजावलं. आईला काल फोन केला, मला वाटलं रडेल, तर ती म्हणाली माझी जुनी फाईल माळ्यावर आहे, उद्या काढते, आणि रक्त कधी द्यायचं ते सांग. पाळी २१ला येईल, २९ची अपॉइंटमेंट घेतलीये, कॉन्ट्रास्टचीच ना हे फोनवर दोनदा विचारलं. दादा, मॅमोग्राफीची सीडी सोबत न्यायची का नुसता रिपोर्ट चालेल?

फिल्मवाला
सीडी न्या, आणि सोनोग्राफीचे फोटो पण. जुनं समोर असलं की नवीन काय आहे ते कळतं.